मलटाकी-परिसरातील लागवड
घरगुती मलटाकीत (सेप्टिक टाकीत) घनमलाचे विघटन ऑक्सिजनविरहित स्थितीत जंतूंमुळे होते. तेथून शोषखड्ड्यात जाणाऱ्या सांडपाण्यात रोगजंतू उरतात. त्यांचे निवारण मातीत होते. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे ओलाव्याकडे वाढून नळांच्या सांध्यांत शिरतात व मार्ग तुंबवितात. म्हणून असे वृक्ष त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतक्या अंतरावर लावावेत. शोषखड्ड्याभोवती हरळी किंवा उथळ मुळांची फुलझाडे योग्य. मुळा, गाजर, पालेभाज्या वर्ज्य. मावळातील पवनानगरसारख्या अतिपर्जन्याच्या भागात छपराचे पाणी चर खणून शोषखड्ड्यापासून दूर न्यावे. अन्यथा पाण्याने भरलेल्या जमिनीतून दूषित द्रव विहिरींकडे व पवना जलाशयाकडे झिरपू शकतो. पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी मुख्यत्वे पवनेतून मिळते.