जीभ सुटली, पण दूध?

बाळाची जीभ जखडणारा जिभेखालचा आखूड पडदा कापायला काही सेकंद पुरतात. टाके नसतात, रक्त थेंबभरच येतं. बाळाला बहुतेक वेळा तिथंच छातीशी धरायला देतात. दूध हेच त्याचं वेदनाशामक. एवढं झालं की लगेच सगळं सुरळीत होईल, अशी घरच्यांची समजूत असते. काही आयांची स्तनाग्रांची आग त्याच दिवशी कमी होते खरी, पण बाळ पोटात असल्यापासून बांधलेल्या जिभेनंच गिळत आलेलं असतं. नवी चाल शिकायला त्याला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात.

बाळाची स्तनावरची पकड अशी बघा: तोंड जांभई दिल्यासारखं मोठं, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर करंगळीनं पकड सोडवून पुन्हा लावा. पाजून झाल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं चपटलेलं दिसलं, तर पकड अजून उथळच आहे.

जखमेवर पांढरट-पिवळा चट्टा दिसतो. तो पू नव्हे. आठवडा-दोन आठवड्यांत जातो. आजीबाईंचा मध-हळदीचा हात तेवढा अडवा. वर्षाच्या आत मध नकोच. जिभेखाली बोट घालून ताण देण्याच्या व्यायामांना भक्कम पुरावा नाही, आणि बाळ त्यानं रडतं ते वेगळंच.

२०१७च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीच्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, या शस्त्रक्रियेनं आईचं दुखणं काही काळ कमी झाल्याचं दिसलं. बाळाच्या पिण्यात मात्र सातत्यानं फरक आढळला नाही.

रक्त थांबत नसेल, ताप आला, बाळ पीतच नसेल किंवा जन्माच्या पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, तर डॉक्टरांकडे लगेच जा.