थंडीतला सराव : मैदान, वेळ आणि मुले



स्मृतिव्याख्यानासाठी सामान्यतः मोठा विषय निवडण्याचा प्रघात आहे. मी मात्र एक लहानसा प्रश्न घेऊन आपणासमोर उभा आहे. कडाक्याच्या थंडीत फुटबॉलच्या संघाने उघड्या मैदानावर सराव करावा की करू नये? मार्गशीर्ष-पौषात हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो. क्रीडाशिक्षक म्हणतात, स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. आई म्हणते, पोराला खोकला झाला आहे. आणि आजोबा म्हणतात, आमच्या वेळी आम्ही पहाटे चार वाजता उठत होतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच आवाज चढवून हा वाद सुटत नाही. थंडीत शरीराचे नेमके काय होते, हे आधी समजून घ्यावे लागते.

प्रथम आपल्या थंडीविषयी. तेलंगणात थंडीची लाट आली की किमान तापमानाच्या यादीत आदिलाबाद जिल्ह्यातील गावे अग्रभागी असतात आणि त्यांत बेल्याचे नाव वारंवार येते. पारा एक आकडी होतो; पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. समुद्र दूर, आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि उत्तरेकडून येणारे वारे, अशी ही स्थिती आहे. दिवसभर तापलेली काळी जमीन आपली उष्णता रात्री उघड्या आकाशाकडे सोडून देते. ती अडवायला ढग नसतात. त्यामुळे सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. परंतु याच निरभ्र आकाशामुळे दुपारी पारा पंचवीसच्या पुढे जातो. ज्या दिवशी पहाटे सात अंश असतात, त्याच दिवशी तीन वाजता मुले सदऱ्याच्या बाह्या वर सारून हिंडताना दिसतात. पुढील सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

आता शरीराकडे वळू. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीत उतरतो. उरलेली सारी उष्णता होते. म्हणजे धावणारा मुलगा हा स्वतःच एक चालती शेगडी असतो. पाच अंशांच्या थंडीत वीस मिनिटे धावलेल्या मुलाला घाम येतो, तो यामुळेच. थंडी बाधते ती उभ्या असलेल्याला : गोलरक्षकाला, आपली पाळी येण्याची वाट पाहत रांगेत थांबलेल्याला, आणि राखीव म्हणून कडेला बसवलेल्या लहान मुलाला. आपल्याकडील सरावात एक चेंडू आणि वीस मुले असा हिशेब असतो. त्यामुळे दीड तासाच्या सरावात प्रत्येक मुलगा किती वेळ धावला आणि किती वेळ हात काखेत घालून उभा राहिला, हे घड्याळ लावून पाहण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट स्नायूंची. गार स्नायू मंद असतो. त्याचे तापमान एक अंशाने घसरले तर जोरकस हालचालीची, म्हणजे उडीची, वेगाच्या धावेची, चेंडूला मारलेल्या लाथेची, ताकद साधारणपणे दोन ते पाच टक्क्यांनी उणावते. मज्जातंतूंतून जाणारा संदेशही सावकाश पोहोचतो. अशा अवस्थेत आल्याआल्या गोलावर जोरात चेंडू मारायला लावणे म्हणजे मांडीचा स्नायू ताणला जाण्यास निमंत्रण होय. पंधरा-वीस मिनिटे हळूहळू वाढत जाणारी धाव, मग वळणे, मग उड्या, आणि शेवटी चेंडू, हा क्रम थंडीत चुकता कामा नये.

तिसरी गोष्ट दवाची. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. हिवाळ्यात पहाटेच्या गवतावर दव असते. कापडी बूट दहा मिनिटांत ओले होतात आणि अनवाणी मुलांची तर गोष्टच निराळी. पायांची बोटे बधिर झाली की ठेच लागलेली कळत नाही आणि चेंडूवरचा ताबाही जातो. एखादा मुलगा चेंडू वारंवार चुकवतो म्हणून त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या पायांना एकदा हात लावून पाहावा.

चौथी गोष्ट श्वासाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावणारा साठ लिटर किंवा त्याहूनही अधिक. एवढी हवा नाकाला पुरत नाही, तोंड उघडते आणि कोरडी गार हवा थेट श्वासनलिकांपर्यंत जाते. त्यांचे अस्तर सुकते आणि काही मुलांमध्ये त्या आकुंचन पावतात. अशा मुलाचा खोकला किंवा छातीतली शिट्टी बहुधा खेळ थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी सुरू होते. म्हणूनच ती शिक्षकांच्या नजरेतून निसटते. सराव संपलेला असतो, मुले पांगलेली असतात, आणि आईला मात्र घरी तो खोकला ऐकू येतो. आईची तक्रार आणि शिक्षकांचे आश्चर्य, दोन्ही खरी असण्याचे कारण हे आहे. स्वीडन-नॉर्वेतील बर्फावर लांब अंतर धावणाऱ्या स्की-खेळाडूंमध्ये दम्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले आहे, आणि ते तर जगातील सर्वांत सुदृढ माणसांत गणले जातात.

मग जिथे थंडी खरोखर जीवघेणी असते तिथे काय करतात? ३१ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ग्रीन बे येथे त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा अंतिम सामना उणे पंचवीस अंशांत खेळला गेला. मैदानाखाली बसवलेली उष्णतेची यंत्रणा निकामी झाली, आणि पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्यामुळे त्यांनी उरलेला सामना केवळ आवाजाने चालवला. तो सामना पराक्रम म्हणून गाजला. परंतु पराक्रमावरून नियम बनवायचा नसतो. १९६३ च्या हिवाळ्यात इंग्लंड गोठले, तेव्हा तेथील एफ.ए. कपची एक फेरी पूर्ण व्हायला ६६ दिवस लागले. सामने पुढे ढकलले, एवढेच. नॉर्वे आणि स्वीडन यांनी तर आपल्या फुटबॉल लीगचा हंगामच वसंत ते शरद असा ठेवला आहे. बर्फावरील लांब अंतराच्या शर्यती उणे वीस अंशांखाली घ्यायच्या नाहीत, असा आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचा दंडक आहे. थंडीत जन्म काढलेल्या लोकांनी खेळाडूला दोष दिला नाही. त्यांनी वेळापत्रक हलवले.

आपली थंडी त्या मानाने सौम्य आहे, हे कोणीही म्हणेल, आणि ते खरे आहे. हिमदंशाचे भय इथे नाही. शून्याच्या वरच्या तापमानात अंगावर पुरेसे कपडे असलेल्या निरोगी मुलाने धावण्यास शरीरशास्त्राची काहीच हरकत नाही. उलट हिवाळा हा आपल्याकडचा खेळाचा उत्तम काळ होय. एप्रिल-मे मधील बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाशी त्याची तुलनाच नको. कोल्हापुरात तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांचा हंगाम हिवाळ्यातच रंगात येतो. पण शाहू स्टेडियमवर गर्दी जमते ती दुपारी.

तालमीचा उल्लेख आला म्हणून आजोबांच्या मुद्द्याकडे येतो. पहाटे उठून जोर-बैठका काढणारा पैलवान हा आपल्या मनातला आदर्श आहे. पण तालीम कशी असते, हे आठवावे. जाड भिंती, ठेंगणे दार, लहान झरोके, आत वारा नाही; अंगाला तेल; हौद्यात उतरण्यापूर्वी शेकडो बैठका. पैलवान थंडीला तोंड देत नव्हता, त्याने थंडीला दाराबाहेर ठेवले होते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त थंडीच्या दिवसांत व्यायाम करण्यास सांगितले आहे खरे, पण तो बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने, आणि तोही अर्ध्या शक्तीने. रात्रीची शिळी भाकरी खाऊन, किंवा तीही न खाता, पहाटे मैदानावर येणाऱ्या मुलाला हा श्लोक लागू करताना पुढच्या अटी गाळून चालणार नाही.

आता ज्या गोष्टीची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही, ती सांगतो. पहाटेच्या हवेत थंडीपेक्षा वाईट असे काही असेल तर तो धूर. रात्री जमीन गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. गार हवा जड असल्यामुळे वर चढत नाही. जणू गावावर झाकण बसते. चुलींचा, शेकोट्यांचा, शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर या झाकणाखाली अडकतो. सूर्य वर येऊन जमीन तापली, साधारण नऊ वाजले, की झाकण उठते. म्हणजे पहाटे साडेपाचला धावणारा मुलगा दिवसातील सर्वांत धुरकट हवा दहापट वेगाने ओढत असतो. (मैदानाच्या कडेला शेकोटी पेटवून तीत जुना टायर टाकणाऱ्यांविषयी मी काय बोलावे!) दिल्लीत नोव्हेंबर २०१६ मध्ये रणजी करंडकाचे दोन सामने हवेमुळे रद्द झाले, त्यांतला एक हैदराबाद आणि त्रिपुरा यांच्यातला होता. डिसेंबर २०१७ मध्ये तेथेच श्रीलंकेचे खेळाडू कसोटी सामन्यात तोंडाला मुखपट्टी बांधून उतरले आणि खेळ काही काळ थांबवावा लागला. आपल्या गावाची हवा दिल्लीसारखी नाही. परंतु धूर अडकण्याची रीत तीच आहे.

तेव्हा माझे मत असे : मैदान सोडू नये, पहाट सोडावी. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी पावणेसहाच्या आतबाहेर मावळतो. दुपारी साडेतीन ते पाच हा काळ उबदार, कोरडा आणि त्यातल्या त्यात स्वच्छ हवेचा असतो.

हे इतके सरळ असताना पहाटेचाच हट्ट का, याचे उत्तर हवामानात नाही, आपल्या सोयीत आहे. दुपारी मुले वर्गात असतात. शाळा सुटल्यावर कोणाला बस गाठायची असते, कोणाला कापूस वेचणीच्या दिवसांत घरी हातभार लावायचा असतो. मुलींच्या बाबतीत तर अंधारापूर्वी घरी पोहोचणे ही पहिली अट असते; म्हणून सरावाचा वेळ पहाटे असो वा संध्याकाळी, संघातून आधी गळतात त्या मुलीच. यावर उपाय एकच आहे आणि तो मुख्याध्यापकांच्या हाती आहे : हिवाळ्याचे दोन महिने खेळाचे तास दिवसाच्या अखेरीस सलग ठेवावेत, आणि ते खरोखर खेळासाठीच राहू द्यावेत. दहावीचे गणित राहिले की खेळाचा तास कापायचा, आणि मग स्पर्धा आली की मुलांची झोप कापायची, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. मुलाचा दिवस आपण भरून टाकतो आणि खेळासाठी त्याच्या वाट्याला फक्त अंधार ठेवतो.

पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना दुपार मोकळी नसेल. त्यांनी निदान धुक्यात आदिलाबाद-कोरपना रस्त्यावर धावू नये. मैदानाला फेऱ्या माराव्यात. धुक्यातल्या ट्रकचालकाला काळा स्वेटर दिसत नाही.

एखाद्या दिवशी सकाळीच सराव घेणे अटळ असेल, तर सूर्य वर आल्यावर घ्यावा. मुलांना दोन पातळ कपडे एकावर एक घालू द्यावेत. अंग तापल्यावर वरचा काढता येतो, एका जाड स्वेटरचे तसे होत नाही. गोलरक्षकाला कानटोपी द्यावी आणि दर काही मिनिटांनी त्याची जागा बदलावी. वीस मुलांना एका रांगेत उभे करण्याऐवजी पाच-पाचांचे चार गट करावेत. चेंडू कमी असतील तर दोन गट धावतील, दोन खेळतील. पाणी थंडीतही लागते. तहान जाणवत नाही, म्हणून ते विचारून पाजावे, कोमट असल्यास उत्तम. खेळ संपताच घामाने भिजलेला सदरा बदलायला लावावा. आणि त्यानंतर दहा मिनिटे कोणालाही घरी सोडू नये. या दहा मिनिटांत शिक्षकांनी काही बोलू नये, केवळ ऐकावे. ज्याची छाती वाजते, ज्याचा खोकला थांबत नाही, त्याचे नाव लिहून ठेवावे आणि पालकांना बोलावून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. अशा मुलाला संघातून काढण्याचे कारण नाही. योग्य औषध आणि खेळाआधी घेतलेला पंप यांच्या आधारे दम्याचे कित्येक खेळाडू सर्वोच्च पातळीवर खेळतात. त्याचे नाव यादीत ठेवून औषध आणि पंप त्याच्या दप्तरात आहेत की नाहीत, एवढे दररोज पाहावे.