पूर ओसरल्यावर खेळाचा तास

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर ब्रह्मपुरी तालुक्यातले लोक अजून विसरलेले नाहीत. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले गेले आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. 2022 च्या जुलैत सिरोंच्याकडे गोदावरी व प्राणहिता फुगल्या. भामरागडचे तर काय सांगावे! पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की ते गाव वर्षानुवर्षे जगापासून तुटत आलेले.

अशा वेळी गाव जाते कुठे? बहुधा शाळेत. वर्गात संसार मांडले जातात, मैदानात गुरे बांधली जातात. पाणी उतरते, पंचनामे होतात, बांधीतला गाळ उपसण्याची घाई सुरू होते. शाळाही भरते, परंतु खेळाचा तास मात्र यादीत सर्वांत शेवटी. गुरुजी म्हणतात, "घरात दाणा नाही, अन् खेळ कसले?" गुरुजींचेही घर पाण्यात गेलेले असते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. तरीपण माझे मत वेगळे आहे. सहावी ते आठवीची, अकरा ते चौदा वर्षांची ही मुले पुरात मोठ्या माणसांइतकेच पाहतात आणि बोलतात मात्र कमी. ढग गडगडले की दचकतात, रात्री झोपत नाहीत. रोज ठरल्या वेळी होणारी एखादी गोष्ट त्यांना हवी असते. खेळाचा तास ही ती गोष्ट होऊ शकते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

मात्र आधी मैदान पाहा. वरून गाळ गुळगुळीत दिसतो. आत पत्रा, काच, काटेरी तार असते. ढिगाऱ्याखाली साप असतो, बरं का. मोठ्या माणसांनी एका ओळीत उभे राहून दंताळ्याने सारे मैदान चाळावे. पाणी साचलेल्या जागी अनवाणी पोरांना उतरवू नये, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच पाण्यातून शिरतात. सारे मैदान मोकळे झाले नाही तरी हरकत नाही, दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद जागा पुष्कळ झाली. ती का, ते पुढे सांगतो.

आता खरा प्रश्न. खेळ सुरू होतो तेव्हा कडेला कोण बसते? पायाने अधू असलेला मुलगा गुण मांडायला बसतो. कमी ऐकू येणारी मुलगी चपला सांभाळते. हे सारे प्रेमानेच होते, पण वर्षभर चपला सांभाळणाऱ्या मुलीला ते प्रेम कसे वाटत असेल? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला. अशा मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे त्यात शाळांना स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा ही मेहेरबानी नव्हे.

करावे कसे? एकट्यासाठी सवलत काढण्यापेक्षा सर्वांसाठीच नियम बदलावा. 1946 साली, महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी युरोपात गोलबॉल नावाचा खेळ निघाला. त्यात घुंगरू असलेला चेंडू असतो आणि सर्वच खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते. पट्टी बांधली की अंध आणि डोळस एका पातळीवर आले! आपल्याकडे बैलाच्या गळ्यातले घुंगरू चिंधीच्या चेंडूत शिवले तरी काम भागते. तेही नसेल तर रबरी चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा, तो सळसळतो.

बसून खेळायचा व्हॉलीबॉलही असाच. मैदान दहा बाय सहा मीटर, मघाशी सांगितले तेवढेच. दोन खुंटांना छातीइतक्या नव्हे, सुमारे एक मीटर उंचीवर दोरी बांधावी. चेंडू मारताना बैठक जमिनीवरून उठता कामा नये, एवढा मुख्य नियम. धावणारे पोट्टे इथे घसरत राहतात, आणि रोज हातांच्या जोरावर सरकणारा मुलगा भराभर जागा घेतो. मग सगळेच त्याला आपल्या बाजूला मागतात.

आपला खोखो तर फारच सोयीचा. त्यात 'खो' तोंडाने म्हणायचा असतो आणि पाठीला हातही लावायचा असतो. म्हणजे कमी ऐकणाऱ्या मुलीसाठी काहीच बदलायला नको. शिट्टीसोबत गुरुजींनी रुमाल हलवावा, झाले. हाच रुमाल दुसऱ्या कामीही येतो. सिरोंच्यात तेलुगू, भामरागडला माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली बोलणारी मुले एका वर्गात असतात, आणि खुणेची भाषा सगळ्यांना एकच. लगोरीत नेम बसून धरता येतो. शर्यतीत दिसत नसलेल्या मुलाने सोबत्याबरोबर एकच दोरीचा तुकडा धरून धावावे. मोठ्या जागतिक स्पर्धांतही हीच रीत आहे.

आणखी एक मूल नजरेतून सुटते. ते लंगडत नाही, पण लवकर दमते, सांधे दुखतात म्हणते, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. आपल्या या दोन जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. या मुलाला खेळातून काढू नका. थोडा वेळ खेळवा, सावलीत बसवा, दर थोड्या वेळाने पाणी पाजा. पुरानंतर ते पाणी क्लोरीन टाकलेले असावे. भर उन्हात दौड नको, पावसात भिजवणे नको, आणि शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या तर कधीच नको. अंग तापले, छातीत किंवा पोटात दुखू लागले, तर खेळ थांबवून थेट दवाखाना गाठावा.

मुलींबद्दल थोडेसे. पुरानंतर घर सारवणे, धाकट्यांना सांभाळणे त्यांच्यावरच येते. खेळ शाळा सुटल्यावर ठेवला तर त्या येणारच नाहीत. तो शाळेच्या वेळातच हवा.

काही पालक विचारतील, अधू पोराला धावडवून काय मिळणार? त्यांना सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सांगावे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. आणि जवळची मदत हवी असेल तर वरोऱ्याच्या आनंदवनात अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. तेथील शिक्षकांना एक पत्र टाकायला काय हरकत आहे?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. दोन चेंडू, दोरी, घुंगरू, रुमाल आणि लगोरीच्या ठिकऱ्या एका पोत्यात भरून ते वर्गाच्या आढ्याला टांगून ठेवा. पुढल्या पावसाळ्यात गाव पुन्हा शाळेत आले, तर पहिल्याच संध्याकाळी ते खाली काढता येईल.