अपुरा खेळ, पुरे पैसे

‘लवकरच’ हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. त्याला तारीख लागत नाही, वार लागत नाही आणि तो लिहिणाऱ्याला कधी खोटे ठरवता येत नाही. विरार किंवा नालासोपारा स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडा आणि सरळ चालू लागा. अर्ध्या तासात हा शब्द तुम्हाला चार ठिकाणी भेटेल. कुठे ‘लवकरच ताबा’, कुठे ‘लवकरच शुभारंभ’, तर कुठे खणून ठेवलेल्या रस्त्याच्या कडेला नुसतेच ‘लवकरच’. आमच्या पिढीला या शब्दाची इतकी सवय झाली आहे की त्याचा रागही येईनासा झाला आहे.

हाच शब्द गेल्या दहा-बारा वर्षांत मुलांच्या खेळांत जाऊन बसला. आणि गंमत अशी, की मुलांना मात्र त्याचा राग येतो.

मोबाइल आणि कॉम्प्युटरवरचे खेळ म्हटले की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो डोळ्यांचा आणि दुसरा अभ्यासाचा. ते प्रश्न खरेच आहेत. पण आज मला तिसऱ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. पैसे भरून घेतलेला खेळ अपुरा निघाला म्हणून चिडलेल्या मुलाविषयी. घरातली मोठी माणसे अशा वेळी म्हणतात, ‘खेळच तो, त्यात एवढं काय!’ मला वाटते, त्यात बरेच काही आहे.

या खेळांतल्या एका प्रकाराला ‘सर्व्हायव्हल गेम’ म्हणतात. म्हणजे तगून राहण्याचा खेळ. सकाळी सव्वाआठची विरार लोकल पकडणाऱ्याला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. खेळणारा एखाद्या ओसाड किनाऱ्यावर डोळे उघडतो. अंगावर धड कपडे नाहीत, हातात हत्यार नाही. दगड वेचायचे, लाकूड तोडायचे, पाणी शोधायचे, आडोसा उभारायचा आणि हळूहळू झोपडीचे घर करायचे. मारामारी असते, पण खरी गोडी असते ती बांधण्यात आणि बांधलेले राखण्यात. म्हणून तर मुले त्यात आठवडेच्या आठवडे गुंततात.

‘आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड’ हा त्यातला गाजलेला खेळ. डायनोसॉरांच्या बेटावर तगायचे आणि त्यांना माणसाळवायचे, अशी कल्पना. अमेरिकेतल्या स्टुडिओ वाइल्डकार्ड या कंपनीने तो जून २०१५ मध्ये विक्रीला आणला, पण पुरा करून नव्हे. ‘अर्ली ॲक्सेस’ नावाच्या पद्धतीने आणला. तिचा अर्थ एवढाच, की काम चालू आहे, तरी हवे तर आत या. लोक पैसे भरून आत गेले, चुका दाखवू लागले, वाट पाहू लागले. आणि १ सप्टेंबर २०१६ रोजी कंपनीने त्याच खेळाचा ‘स्कॉर्च्ड अर्थ’ नावाचा वाढीव भाग बाजारात आणला. नवे वाळवंट, नवी जनावरे, उडते ड्रॅगन, ऊन आणि तहान. किंमत वेगळी, वीस डॉलर. मूळ खेळ मात्र अजून अपुराच होता. तो पुरा होऊन बाहेर यायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला.

खेळणाऱ्यांनी एकच गिल्ला केला. तळमजल्याचे प्लास्टर व्हायचे असताना बिल्डरने वरचा मजला विकायला काढावा, तसा हा प्रकार होता. कंपनीचे म्हणणे असे, की वाढीव भाग जोडण्याची व्यवस्था आधीच बसवून घेतलेली बरी. मागाहून ती बसवणे अवघड जाते. इंजिनिअरच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण ज्याने मूळ खेळाचे पैसे भरले होते, त्याला एवढेच दिसले की आपल्या कामावरचे गवंडी उचलून दुसऱ्या कामावर नेले आहेत.

आमच्या सोसायटीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. सुट्टीत एका दुकानात काम करून जमवलेल्या पैशांतून त्याने अशाच एका खेळाचा वाढीव भाग घेतला. जाहिरातीत दाखवलेला निम्मा प्रदेश आत नव्हताच, आणि जो होता त्यात खेळ मध्येच बंद पडे. एके दिवशी जिन्यात भेटला तेव्हा मी विचारले, ‘किती पैसे गेले रे?’

‘पैशांचं नाही काका,’ तो म्हणाला. ‘तीन आठवडे खपून घर बांधलं होतं. त्यांनी चुका दुरुस्त करायला अपडेट पाठवला आणि माझं घरच गायब झालं. लिहून कळवलं, तर उत्तर आलं, लवकरच बघतो.’

‘मग पैसे परत माग.’

‘मुदत टळली. आणि खेळात पुढं गेल्याशिवाय अर्धवट आहे हे कळतच नाही ना!’

हे शेवटचे वाक्य मी नोकरीत निराळ्या शब्दांत अनेकदा ऐकले होते. बँकेतली माझी बरीच वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर गेली. तिथे रोजचाच व्यवहार अपुऱ्या वस्तूचा. जोते झाले की ठरावीक टक्के, प्रत्येक स्लॅबला ठरावीक, मग विटकाम, प्लास्टर, आणि राहिलेले ताबा देताना. काम तिथवर आल्याचा आर्किटेक्टचा दाखला फाइलला लागल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नसे. तेव्हा अपुऱ्या वस्तूला पैसे देण्यात गैर काहीच नाही. तसे दिले नसते तर आपल्यातल्या कितीतरी जणांची घरे उभी राहिली नसती. फक्त पैसा कामाच्या मागून चालला पाहिजे, कामाच्या पुढे धावता कामा नये. घरांच्या बाबतीत हे कायद्याने लिहून काढायलाही आपल्याला २०१७ साल उजाडले. त्या वर्षीच्या १ मेपासून रेरा कायदा पुरता लागू झाला, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून कामाच्या प्रमाणातच काढायची, असे बिल्डरवर बंधन आले.

मराठी वाचकालाही हा व्यवहार नवा नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत आपण न छापलेल्या पुस्तकांचे पैसे भरत आलो आहोत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमाक्रमाने आली, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. पण ‘क्रमशः’ हा प्रामाणिक शब्द आहे. आज हातात दिले ते एवढे, पुढचे पुढच्या वेळी, असे तो सांगतो. आणि आज दिलेले प्रकरण निदान त्या प्रकरणापुरते पुरे असते. ‘लवकरच’मध्ये यांतले काहीच नसते.

खेळांच्या बाजारात आर्किटेक्टचा दाखला नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळांचे ‘स्टीम’ हे मोठे दुकान. तिथे २०१३ पासून अपुरे खेळ उघडपणे विकले जातात. खेळ पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आज आहे तसा पसंत असेल तरच घ्या, अशी सूचना त्यावर असते. २०१५ च्या जूनपासून तिथे पैसे परत मिळण्याचीही सोय झाली; घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर. सोय चांगलीच आहे. पण दोन तासांत काय कळणार? रिकाम्या फ्लॅटमध्ये दोन तास उभे राहून पावसाळ्यात भिंत गळेल की नाही हे जसे कळते, तितकेच.

कधीकधी गोष्ट फारच थराला जाते. ‘द डे बिफोर’ हा असाच एक तगून राहण्याचा खेळ. हजारो-लाखो मुले त्याची आधीपासून वाट पाहत होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी तो विक्रीला आला. जाहिरातीत दाखवलेले जग आणि हाती आलेला खेळ यांचा मेळ बसेना. अवघ्या चार दिवसांनी फन्टॅस्टिक या कंपनीने आपण बंद होत असल्याचे जाहीर केले, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी खेळाचे सर्व्हरही बंद झाले. घेणाऱ्यांना पैसे मात्र परत मिळाले.

हे वाचताना वसई-विरारच्या माणसाच्या मनात दुसरेच काही आल्याशिवाय राहणार नाही. नालासोपारा पूर्वेला, कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, विकल्या गेल्या, त्यांत संसार थाटले गेले. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. त्या घरांतल्या भांड्याकुंड्यांचे दुःख आणि मुलाच्या पडद्यावरच्या घराचे दुःख यांची बरोबरी कोणीच करणार नाही, आणि करूही नये. पण दोन्हीकडे फसगतीची रीत एकच आहे. विकताना पुरेपणाचे चित्र दाखवायचे, आणि काय अपुरे आहे हे घेणाऱ्याला आत शिरल्यावर कळू द्यायचे.

आपल्याकडचे खेळही याला अपवाद नाहीत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पब्जीवर बंदी आली, आणि दोनच दिवसांत बंगळुरूच्या एका कंपनीच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला तेव्हा त्यात गलवानच्या लढाईचा एकच भाग होता, आणि बंदुकीऐवजी हातघाई. मुले ज्यासाठी थांबली होती ते सारे ‘लवकरच’च्या पाटीखाली. खेळ फुकट होता, तरी काही दिवसांतच त्याला मिळणारे गुण घसरले. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीच्या ‘इंडस’ या शेवटपर्यंत तगण्याच्या खेळासाठी २०२३ च्या जानेवारीत नावनोंदणी सुरू झाली. ती एक कोटीच्या वर गेली. खेळ सर्वांच्या हाती पडला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. इतकी वाट पाहायला लावली की अपेक्षा खेळापेक्षा मोठी होऊन बसते.

पण करणाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आला. तो तगून राहण्याचा खेळ नव्हे. राजस्थानी महालांतून भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. पैसे संपले तेव्हा संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकून काम पुढे नेले. खेळाला जगभर कौतुक मिळाले, पण शेवट एकाएकी येतो, गोष्ट अर्ध्यावर तुटते, अशी तक्रारही झाली. घर विकून केलेल्या कामाला कोणी लबाडी म्हणणार नाही. अपुरेपण नेहमीच लबाडीतून येते असे नाही. पुष्कळदा ते खिशातून येते. म्हणून तर ते आधी सांगायला हवे.

जे सांगतात, त्यांना मुले सांभाळूनही घेतात. ‘सबनॉटिका’ हा समुद्राखाली तगून राहण्याचा खेळ. त्याचा वाढीव भाग म्हणून सुरू झालेला ‘बिलो झीरो’ पुढे स्वतंत्र खेळ झाला. तोही जानेवारी २०१९ मध्ये अपुराच विकायला ठेवला होता आणि मे २०२१ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात गोष्ट नव्याने लिहिली गेली, मुले कुरकुरलीही. पण काय झाले आणि काय व्हायचे आहे हे त्यांच्यासमोर होते. इंग्लंडच्या हेलो गेम्सचा ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा त्याच्यावर आश्वासने न पाळल्याबद्दल टीकेचा भडिमार झाला. कंपनीने पुढे बोलणे कमी केले आणि काम वाढवले. एकामागून एक वाढीव भाग दिले, तेही फुकट. २०१८ च्या जुलैत खेळणाऱ्यांना एकत्र खेळण्याची नीट सोय झाली. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांतले अनेक जण परत आले.

तेव्हा घरातला मुलगा अशा खेळावरून चिडला, तर त्याला आधी विचारावे, ‘त्यांनी काय देतो म्हणून सांगितलं होतं आणि काय दिलं?’ हे दोन रकाने त्याला कागदावर मांडू द्यावेत. पुढचा खेळ घेण्याआधी पुढे काय येणार याची जाहिरात बाजूला ठेवून, आज आत काय आहे तेवढेच त्याच्याबरोबर पाहावे. आणि आजच्या मालाची ती किंमत पटत असेल तरच पैसे काढून द्यावेत. पैसे परत मागायची मुदत कधी संपते, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

या मुलाला आपण ‘खेळच तो’ म्हणून गप्प बसवले, तर तो आपल्यासारखाच ‘लवकरच’ला सरावेल. आणखी आठ-दहा वर्षांनी तो याच परिसरात फ्लॅट बघायला जाईल. समोर रंगीत माहितीपत्रक असेल, तरणतलावाचे चित्र असेल, चहा येईल. त्या वेळी त्याने चहाचा कप बाजूला ठेवून महापालिकेची परवानगी मागावी, रेराचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि ओ.सी. लवकरच मिळेल असे उत्तर आले, तर शांतपणे विचारावे, ‘लवकरच म्हणजे कोणत्या तारखेला?’