त्रिकोण सरकला, फिरला की उलटला?

गाडीच्या डाव्या बाजूला लागणारा त्रिकोणी ब्रॅकेट आणि उजव्या बाजूचा त्याचा जोडीदार यांची मापं, कोन, वजन सगळं सारखं असतं. भूमितीच्या भाषेत दोन्ही एकरूप. तरीही एकदा कडा वाकवल्या की भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही असेंब्ली लाइनवर एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

याचं कारण आलेख कागदावर दिसतं. अ (१, १), ब (४, १), क (१, ३) असा काटकोन त्रिकोण काढा. प्रत्येक बिंदू ५ घरं उजवीकडे आणि १ घर वर नेला, की तो नुसता सरकतो. आता वाय-अक्षात त्याचं प्रतिबिंब घ्या: (-१, १), (-४, १), (-१, ३). पहिल्या त्रिकोणात अ-ब-क असं बोट फिरवलं तर ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट जातं, प्रतिबिंबात मात्र काट्यांच्या दिशेनं. आकृती सरकवली किंवा फिरवली तर हा क्रम कधीच बदलत नाही, एका आरशात मात्र हमखास बदलतो. बाजू मोजण्याआधी विद्यार्थ्यांनी हा क्रम पाहायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

टूलरूममध्ये फिरवण्याची किंमत पैशांत मोजली जाते. हाच त्रिकोण कर्णाच्या मध्यबिंदूभोवती, म्हणजे (२.५, २) भोवती, १८० अंशांत फिरवला तर अ जातो (४, ३) वर, ब आणि क एकमेकांच्या जागी येतात आणि दोन्ही त्रिकोण मिळून ३ बाय २ चा आयत भरतो. पत्र्याच्या पट्टीवर ब्लँक (वाकवण्याआधीचे सपाट तुकडे) असे उलटसुलट बसवले की स्क्रॅप बरंच वाचतं. दोन ब्लँकच्या मध्ये आणि पट्टीच्या कडांना थोडा पत्रा सोडावा लागतो, तेवढाच काय तो वाया.

सीएनसी मशीनवर तर या तिन्ही क्रियांना आज्ञाच आहेत. फानुक पद्धतीच्या कंट्रोलरवर जी-५४ पासूनचे ऑफसेट जॉबचा शून्यबिंदू सरकवतात, जी-६८ फिरवतो, जी-५१.१ मिरर लावतो. पहिल्या दोन्हींत कटर नेहमीसारखाच चालतो. मिररमध्ये मात्र खरी गंमत आहे. एकाच अक्षात मिरर लावला की मार्ग उलटतो, डावीकडची वळणं उजवीकडची होतात, पण स्पिंडल आपल्या जुन्याच दिशेनं फिरत राहतं. त्यामुळे क्लाइम्ब मिलिंगचं (कटरचे दात जॉबच्या सरकण्याच्या दिशेनं कापतात ते) कन्व्हेन्शनल (उलट दिशेनं कापतात ते) होतं आणि पृष्ठभागाच्या फिनिशमध्ये फरक पडू शकतो. म्हणूनच फिनिश महत्त्वाचं असेल तिथे उजव्या बाजूच्या (आरएच) पार्टचा प्रोग्राम वेगळा लिहिणं चांगलं.

एक्स आणि वाय दोन्ही अक्षांत मिरर लावला, तर ही अडचण उरत नाही. आपला त्रिकोण (-१, -१), (-४, -१), (-१, -३) इथे पोहोचतो, अ-ब-क चा क्रम पूर्ववत होतो, क्लाइम्ब मिलिंगही तसंच राहतं. दोन आरशांनी मिळून त्याला आरंभबिंदूभोवती १८० अंशांत फिरवलेलं असतं.