टेम्पोवरच्या भोंग्याला वीज किती?

मैत्रिणींनो, घाटकोपर-मुलुंडच्या गल्ल्यांत टेम्पोवर भोंगा लावून कांदे-बटाटे विकताना आम्ही रोज ऐकतो. गटाच्या टेम्पोला तसा ॲम्प्लिफायर घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारे वॉट विचारा. छोट्या टेम्पोची बॅटरी १२ व्होल्टची. ६० वॉटला ५ अँपिअर लागतात, पण काही वीज उष्णतेत जाते, म्हणून आम्ही ८ धरतो. तार जाडच घ्या. बारीक तार तापते, वितळते, गाडी पेटू शकते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच, मेकॅनिक ‘कशाला’ म्हणाला तरी! इंजिन बंद ठेवून तासन्‌तास भोंगा चालवला, तर टेम्पोला धक्का मारायची वेळ येते. रस्त्यावर भोंग्याला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच.