एक्सप्लेनर : चर्चच्या काचेतला गरुड कोणाचा? रंगीत खिडक्या कशा वाचायच्या?

पातूर : देवळाच्या दारात नंदी दिसला की आत पिंड असणार, हे कुणाला सांगावे लागत नाही. उंदीर दिसला की गणपती, हातात वीणा असली की सरस्वती. चिन्हांची ही भाषा लहानपणापासूनच डोळ्यांत बसलेली असते. पण पातूरचा माणूस अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेला आणि फिरत फिरत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पोहोचला, तर तिथल्या रंगीत काचांपुढे अडतो. फोटो छान येतो. पण काचेतले हे लोक कोण, हातात काय धरले आहे, ते कळत नाही.

यात त्याचा दोष नाही. वऱ्हाडात ख्रिस्ती धर्म रुजवण्यात अकोल्यात केंद्र असलेल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनचा मोठा वाटा होता. या परंपरेत भर वचन वाचण्यावर, गाण्यावर आणि उपदेशावर. चित्रांना जागा कमी. त्यामुळे अशी काच इकडच्या नजरेला सवयीची नाही. ती बघायची तर मुंबईच गाठावी लागते.

अफगाण चर्चचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, म्हणजे शुभवर्तमानकार संत योहान. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) मारल्या गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले आणि १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्या इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स या काचकारागिराच्या.

चार प्राणी, चार लेखक

अशा खिडक्या वाचायच्या तर चार पंखधारी आकृत्या आधी ओळखाव्यात. येशूचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने चार, आणि प्रत्येकाच्या लेखकाला एक खूण. मत्तयाला माणूस, कारण तो वंशावळीपासून सुरुवात करतो. मार्काला सिंह, कारण त्याच्या आरंभीच अरण्यात घुमणारी हाक आहे. लूकला बैल, कारण त्याची गोष्ट मंदिरातल्या याजकापासून सुरू होते आणि बैल हा बळीचा पशू. योहानाला गरुड, कारण त्याची पहिली ओळच थेट आकाशात झेप घेते. बायबलमधील यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतल्या दृष्टान्तांतून हे चार प्राणी आले आहेत.

आपल्याकडे गरुड म्हटले की विष्णू. घोटाळा इथेच होतो. सापाचे तर आणखी अवघड. नागपंचमीला आपण ज्याला दूध दाखवतो, तो ख्रिस्ती चित्रात बहुतेक वेळा सैतान असतो. पण योहानाच्या हातातल्या पेल्यातून साप बाहेर पडताना दाखवला असेल, तर त्याचा अर्थ उलटा : पेल्यातले विष निघून गेले, संत वाचला.

बाकीच्या खुणा सोप्या आहेत. किल्ल्या असल्या की पेत्र. सुताराचा काटकोन किंवा भाला असला की थॉमस. भारतात आला असे मानला जाणारा हाच तो संत. पांढरी लिली मरियेच्या पावित्र्याची, खाली उतरणारे कबुतर पवित्र आत्म्याचे. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. झेंडा घेतलेले कोकरू म्हणजे स्वतः ख्रिस्त. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन पक्षी हेही त्याच्याच बलिदानाचे चिन्ह. (खरा पेलिकन असे काही करत नाही, पण जुन्या कथेला पक्षीशास्त्राशी देणेघेणे नव्हते.)

डोक्यामागची प्रभावळ मात्र नीट बघावी. ती सगळ्याच संतांना असते. तिच्या आत क्रूस दिसला, तरच तो ख्रिस्त.

हे निरक्षरांसाठी होते?

तसे सर्रास सांगितले जाते. इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका बिशपला लिहिले होते की, ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवरच्या चित्रांतून वाचतात. तरीही हे स्पष्टीकरण पुरते पटत नाही. मोठ्या चर्चमधल्या वरच्या खिडक्या इतक्या उंच असतात की खालून चेहरेही दिसत नाहीत आणि त्यांवरचा मजकूर अनेकदा लॅटिन. गोष्ट आधी कुणीतरी सांगितलेली असायची, काच तिची आठवण करून द्यायची. कीर्तन ऐकलेल्यालाच देवळातले शिल्प उमगते, तसेच हे.

रंग येतो कुठून?

बहुतेक रंग वरून दिलेला नसतो, तो काचेच्या अंगातच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट घातले की निळा, मँगनीजने जांभळा. तांब्याने येणारा लाल इतका गडद होतो की जाड काच काळीच दिसते. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढून भट्टीत भाजतात. सोनेरी पिवळा चांदीच्या क्षाराने येतो. हे तुकडे इंग्रजी ‘एच’ अक्षरासारख्या शिशाच्या पट्ट्यांत बसवले जातात.

खरी कमजोरी या शिशातच आहे. ऊन-थंडीने ते ताणते, आकसते आणि साधारण शंभरेक वर्षांत थकते. मग खिडकी फुगते, तुकडे निखळतात. मुंबईची खारी हवा आणि पावसाळा वेगळाच. अशा वेळी खुणा वाचता येणे हा नुसता हौसेचा विषय राहत नाही. हातातली किल्ली असलेला तुकडा फुटला आणि तिथे साधी पिवळी काच बसवली, तर खिडकी पुन्हा बंद होते, पण पेत्र हा पेत्र राहत नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधील रंगीत काचांचे जतन २०१५ मध्ये पूर्ण झाले. ती इमारत चर्च नाही, पण काम तेच : तुकडा काढायचा, साफ करायचा, जुळवायचा.

चिन्हे बदलताच येत नाहीत असेही नाही. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी पुण्यात राहून साडीतली मरिया रंगवली. त्या काळी अनेकांना ते रुचले नव्हते. पातूरच्या माणसाला मात्र ती चटकन ओळखू आली असती.

बघायला जाताना

रंगीत काच दिवसा आणि आतूनच बघावी. बाहेरून ती काळपट दिसते. पूर्वेच्या खिडकीसाठी सकाळ, पश्चिमेच्या खिडकीसाठी दुपारनंतरची वेळ. गोष्ट सांगणाऱ्या जुन्या खिडक्या बहुधा खालून वर वाचतात, त्यामुळे नजर सगळ्यात खालच्या चौकटीपासून सुरू करावी.